दोन गोठ्यांमधलं अंतर : पशुधन पर्यवेक्षक होण्याचा खरा खर्च

दहावीचा निकाल लागला की नगर जिल्ह्यातल्या दूध संकलन केंद्रांवर, सकाळच्या रांगेत, कॅन हातात धरूनच विचारणा सुरू होते. "पोराला जनावरांच्या डॉक्टरकीचा कोर्स लावायचाय, किती लागतील?" विचारणाऱ्याच्या मनात फीचा आकडा असतो. या वाटेनं गेलेल्या मुलांच्या घरचे हिशेब मी जवळून पाहिले आहेत. फी हा त्यातला सगळ्यात सोपा खर्च. ती ठरलेली असते, पावती मिळते, एकदा भरली की भरली. ज्या खर्चानं मुलं मेटाकुटीला येतात तो पुढे असतो, आणि तो संस्थेच्या माहितीपुस्तिकेत कुठेच छापलेला नसतो. म्हणून माझं उत्तर दर वेळी एकच: फी नंतर विचारा, आधी सांगा, तुमच्या घरापासून दहा किलोमीटरच्या आत दुभत्या गायी किती आहेत आणि त्यांच्याकडे आज कोण जातं?

त्याआधी "डॉक्टर" या शब्दाचा घोळ मिटवायला हवा. गावात गायीला हात लावणारा प्रत्येक जण डॉक्टरच असतो. पदवीधर पशुवैद्यक डॉक्टर, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक डॉक्टर, दूध संघाकडून गाय भरवायला येणाराही डॉक्टर. कायदा यांना एका रांगेत बसवत नाही. तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीची किंमत वेगळी.

पहिली वाट पदवीची. बारावी विज्ञान, मग नीट आणि आंतरवासितेसह साडेपाच वर्षं. नगरकरांना त्यातल्या त्यात सोयीचं म्हणजे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय. राहाता तालुक्यात सावळीविहीर इथेही शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालेलं आहे. ज्याला खराखुरा डॉक्टर व्हायचं आहे आणि ज्याचे गुण तसे आहेत, त्यानं याच वाटेला लागावं. हा लेख त्याच्यासाठी नाही.

दुसरी वाट पदविकेची. नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे आपल्या बोलण्यातलं माफसू, २००० साली सुरू झालं. दुग्धव्यवसाय व्यवस्थापन व पशुसंवर्धन ही दहावीनंतरची दोन वर्षांची पदविका त्याच्या अखत्यारीतली. पशुधन पर्यवेक्षक पदाच्या भरतीत ही पदविका चालते. अभ्यासक्रमाचं नाव, कालावधी आणि प्रवेशाची पात्रता यांत फेरबदल होत असतात. त्यामुळे चुलतभावानं चार वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका, चालू वर्षाची प्रवेशपुस्तिकाच हातात घ्या.

तिसरी वाट आखूड आहे आणि फार थोड्या घरांना ती माहीत असते. केंद्राच्या राष्ट्रीय गोकुळ अभियानात गावातल्याच तरुणांना "मैत्री" म्हणून तयार करतात. हे काम मुख्यतः कृत्रिम रेतनाचं, म्हणजे गाय-म्हैस भरवण्याचं. प्रशिक्षण तीन महिन्यांचं, आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष हाताखालचा. दर उमेदवारामागे प्रशिक्षणासाठी ३१,००० रुपये आणि साहित्यासाठी ५०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. महाराष्ट्रात हे काम पशुधन विकास मंडळामार्फत चालतं. सरकार खर्च उचलत असताना कुणी "मैत्रीची सीट मिळवून देतो" म्हणून पैसे मागत असेल, तर एक रुपयाही न देता पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. एक गोष्ट मात्र पक्की समजून घ्या. तीन महिन्यांच्या या प्रमाणपत्रावर पशुधन पर्यवेक्षकाच्या सरकारी जागेसाठी अर्ज करता येत नाही. यातून पोटापुरता धंदा उभा राहतो, नोकरीचा दरवाजा उघडत नाही.

कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण म्हटलं की उरुळी कांचनच्या बाएफचं नाव घ्यावंच लागतं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली ही संस्था उभी केली आणि शेतकऱ्याच्या दारात जाऊन गाय भरवण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजवली. आज नगर जिल्ह्यातल्या गोठ्यांमध्ये काळ्या-पांढऱ्या संकरित गायी दिसतात, त्यामागे अशा दारोदार फिरलेल्या माणसांचे कष्ट आहेत. श्रीगोंदा, कर्जतच्या मुलांना दौंडहून रेल्वेनं उरुळी गाठता येतं. रेल्वेचा मासिक पास आणि खोलीचं भाडं यांची तुलना करूनच राहायचं कुठे ते ठरवावं.

आता कायद्याचं. कोर्सची खरी किंमत इथेच कळते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधर पशुवैद्यकालाच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्रधारकाला राज्य सरकारच्या आदेशानं मर्यादित सेवा देता येते, आणि तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. प्रथमोपचार, लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि सरकारनं अधिसूचनेत नेमून दिलेली इतर कामं, एवढीच ही मर्यादा. पोट फाडून वासरू काढणं यात बसत नाही. विम्याच्या दाव्यासाठी मेलेल्या गायीचं शवविच्छेदन आणि दाखलाही बसत नाही. त्यामुळे "कोर्स संपला की स्वतःचा दवाखाना टाका" असं एखाद्या संस्थेच्या फलकावर लिहिलेलं दिसलं, तर ती पाटी तुमच्या मुलाला उद्या अडचणीत आणणारी आहे असं समजा. रात्री अडलेल्या गायीपाशी, मालक हातापाया पडत असताना, "हे माझं काम नाही, डॉक्टरांना बोलवा" एवढं म्हणता येणं हा या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा आहे. ज्या पोराला तो जमला, त्याच्यावर गाव वर्षानुवर्षं भरवसा ठेवतं.

फी भरण्याआधी संस्थेत एक चक्कर मारा, आणि ती कार्यालयात नको, गोठ्यात मारा. संलग्नतेचं चालू वर्षाचं पत्र बघा, त्यावर माफसूचं नाव आहे का ते वाचा. मग गोठ्यात किती जनावरं आहेत ते स्वतः मोजा. जनावर धरायला खोडा आहे का? मागच्या वर्षीच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा की गायीच्या गुदमार्गातून हात घालून गर्भाशय चाचपायला किती वेळा मिळालं. हे काम पुस्तकातून येत नाही. बोटांना ग्रीवा ओळखता यायला शेकडो गायी हाताखालून जाव्या लागतात. चांगल्या प्रशिक्षणात आधी कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयावर सराव घेतात आणि मग जिवंत गायीवर. साठ मुलांच्या वर्गामागे पाच गायी असतील, तर कमी फीतसुद्धा तो सौदा महागच पडला.

माझ्या ओळखीतल्या एका घरानं हे न बघता पैसे भरले. फी, इमारत निधी, गणवेश, सहल, अनामत असे पाच तुकडे झाले आणि त्यातल्या दोनांची पावतीच मिळाली नाही. महाराष्ट्रात १९८७ पासून शैक्षणिक संस्थांना कॅपिटेशन फी घ्यायला कायद्यानं मनाई आहे. पावतीशिवाय रोख मागितली गेली की हा कायदा आठवावा आणि तिथेच थांबावं. प्रवेश अर्जाबरोबर दोन वर्षांच्या सगळ्या रकमांचा लेखी तक्ता मागा: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, विद्यापीठ नोंदणी, प्रयोगशाळा, वसतिगृह, खानावळ आणि परत मिळणारी अनामत. परत मिळणाऱ्या रकमेखाली रेघ मारून घ्या, कारण कोर्स संपल्यावर ती मागायला कुणी जातच नाही. मूळ दाखले संस्थेत ठेवून घेत असतील, तर त्याचीही लेखी पोच घ्या.

फीतला बराचसा भाग सरकारकडून भरून निघू शकतो आणि त्यासाठी महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज वेळेत गेला पाहिजे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा आठ लाख. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरात, केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय आहे आणि त्यात पशुसंवर्धन विभागही येतो. पण कोणती योजना कोणत्या कोर्सला लागू होते हे संस्थेच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. पोर्टलवर संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं नाव दिसतं का, ते प्रवेशाआधीच उघडून बघा. नाव नसेल तर शिष्यवृत्तीही नाही, इतकं साधं आहे ते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला यातल्या बहुतेक सवलती मिळत नाहीत. आणि जुन्या दाखल्यांवर अहमदनगर, नव्यावर अहिल्यानगर असं असेल, तर घाबरून नवे दाखले काढायला पैसे घालवू नका. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं हे प्रत्येक कार्यालयाला ठाऊक आहे.

घरून येऊन-जाऊन शिकणार असेल तर एसटीच्या विद्यार्थी पासात दोन-तृतीयांश सवलत मिळते. एवढ्यापुरता प्रवासाचा खर्च हलका होतो.

आता तो न छापलेला खर्च.

कोर्स संपल्यावर पहिली खरेदी दुचाकी. ती असतेच, पण तिचं पोट रोज भरावं लागतं. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरू. राहाता, संगमनेर, श्रीरामपूरच्या पाटपाण्याच्या पट्ट्यात गोठे एकमेकांना लागून आहेत. तिथे वीस किलोमीटरच्या फेरीत सहा गायी होत असतील, तर गायीमागे पेट्रोल आठ रुपयांच्या आसपास. आता पाथर्डी किंवा जामखेडच्या माळावर या. वस्त्या विखुरलेल्या, जनावरांत शेळ्या-मेंढ्या जास्त. तिथे साठ किलोमीटर फिरून तीन गायी झाल्या, तर गायीमागे जवळपास सत्तेचाळीस रुपये नुसत्या पेट्रोलचे. तेच शिक्षण, तेच प्रमाणपत्र आणि मेहनत दुप्पट, तरी हातात उरणारी रक्कम निम्म्याहून कमी. अकोले तालुक्याच्या डांगी पट्ट्यात तर गायी असूनही बरेच लोक वळूवरच भिस्त ठेवतात. म्हणूनच मी सुरुवातीला गायींमधलं अंतर विचारलं.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. वीर्यकांड्या उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात. नायट्रोजन डब्यात नुसता पडून राहिला तरी उडत असतो. काम झालं नाही म्हणून तो वाचत नाही. म्हणजे हे दुकानभाड्यासारखं आहे, गिऱ्हाईक येवो न येवो, द्यावंच लागतं. लहान डबा असेल तर भरणीच्या खेपा वाढतात, मोठा घ्यायचा तर आधी भांडवल लागतं. भरणी कुठे मिळते आणि गाडी किती दिवसांनी येते, हे डबा विकत घेण्याआधी विचारा. दूध संघाशी किंवा एखाद्या संस्थेशी जोडून घेतलं तर कांड्या आणि नायट्रोजन दोन्हींची सोय होते, त्यामुळे पहिली दोन वर्षं कुणाच्या तरी छत्राखाली काढावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

या डब्यातला निष्काळजीपणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जास्त महाग पडतो. कांडी डब्याच्या तोंडाशी जरा जास्त वेळ धरली, की आतले शुक्राणू मरतात. ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद सोडायची कांडी कुणी खिशात ऊब देऊन वापरतो, तेव्हाही तेच. त्या दिवशी काहीच कळत नाही. एकवीस दिवसांनी गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते, आणि शेतकऱ्याचा एक पूर्ण माज वाया गेलेला असतो, तेवढे दिवस भाकड गायीला खाऊ घालण्याचा खर्च त्याच्या डोक्यावर. थर्मामीटर दोन-चारशे रुपयांचा असेल, पण तो न बाळगणाऱ्या माणसाला माझ्या गोठ्यात मी पुन्हा बोलावणार नाही. बरोबर केलं तरी प्रत्येक गाय पहिल्या खेपेला गाभण राहत नाही हेही खरं. उलटलेल्या गायीसाठी पुन्हा जावं लागतं आणि दुसऱ्या खेपेचे पैसे द्यायला मालक कुरकुरतो. हा तोटा हिशेबात धरूनच चालावं.

उधारी तर आहेच. आपल्याकडे दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. तो झाला की डॉक्टरचे पैसे, अशी रीत आहे. पगार कापला गेला, दूधदर पडले, की पहिली थकबाकी याच माणसाची राहते. नव्यानं उतरणाऱ्या मुलाच्या घरी सहा महिने तरी त्याच्या कमाईवर चूल पेटणार नाही असं धरून चाला.

आणि एक खर्च अंगावरचा. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे ही चैन नव्हे. सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा जंतू अडकलेली वार ओढताना उघड्या हातातून माणसात येतो. मग महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी मागे लागते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना जी लस टोचतात, तीही जिवंत जंतूची असते. सुई स्वतःच्या बोटात गेली तर त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. रेबीजचं याहून भयंकर. गाय लाळ गाळते, घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घातला जातो, आणि गाय पिसाळलेली निघते. या कामाला लागणाऱ्या प्रत्येक मुलानं रेबीजची प्रतिबंधक लस कोर्सच्या पहिल्या वर्षातच घ्यावी. संस्था ती देते का, हा प्रश्न फीच्या प्रश्नाइतकाच मोठ्यानं विचारा.

सरकारी नोकरीबद्दल. जिल्हा परिषदेच्या २०२३ च्या भरतीत पशुधन पर्यवेक्षकाची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये होती. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० आणि मागासवर्गीयांना ९०० रुपये. वेतन चांगलं आहे, काम मानाचं आहे. पण याच भरतीची आधीची जाहिरात मार्च २०१९ ची होती. ती रद्द झाली आणि मुलं चार वर्षं थांबून राहिली. त्या चार वर्षांत पुण्यात किंवा नगरमध्ये खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी पदविकेच्या फीपेक्षा कितीतरी जास्त पैसे भाड्यात आणि मेसमध्ये घातले, आणि तोवर हातातलं कसब गेलं. ज्यांनी गावात राहून गायी भरवल्या आणि रात्री अभ्यास केला, त्यांचा हात चालता राहिला आणि घरावर बोजाही पडला नाही. मला दुसरी रीत पटते. सरकारी जागेशिवायही दूध संघ, वीर्य संकलन केंद्रं, पशुखाद्य आणि औषधांच्या कंपन्या, कुक्कुटपालन, लसीकरणाच्या मोहिमा, कानातल्या बारा अंकी बिल्ल्यांचं नोंदणीकाम अशी कामं असतात. २०२२ साली लम्पी आला आणि जनावरांचे बाजार बंद पडले, तेव्हा सुई धरता येणाऱ्या प्रत्येक हाताची गरज गावोगाव लागली होती.

कर्ज काढायचंच असेल, तर चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार असावे लागतात. हप्ते कोर्स संपल्यानंतर वर्षभरानं सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. माझा सल्ला असा की कर्ज फीसाठी कमी घ्या आणि डबा-दुचाकीसाठी हाताशी रोख ठेवा. गाय विकून फी भरणारी घरंही मी पाहिली आहेत. जनावरांचं शिकायला निघालेल्या मुलाच्या हाताखालचं पहिलं जनावरच विकून टाकू नका. सरावाला तेच उपयोगी पडतं.

घरी दोन-चार एकर, आठ-दहा गायी आणि आसपास दाट गोठे असतील, तर मी आधी मैत्री किंवा तसं कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण सुचवीन, आणि वर्षभरानं जमतंय असं दिसलं तर पदविका. गायी कमी, अंतरं लांब आणि मुलगा अभ्यासाला बसणारा असेल, तर सरळ पदविका आणि नोकरीचा प्रयत्न. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रं दुग्धव्यवसायाची छोटी प्रशिक्षणं घेतात. मुलाला शेण-मुताचा, नाका-तोंडावर उडणाऱ्या लाळेचा कंटाळा येतो का, हे तिथे चार दिवसांत कळतं आणि खर्च नाममात्र होतो.

त्याहून चांगली परीक्षा म्हणजे तुमच्याच भागात गायी भरवणाऱ्या माणसाच्या गाडीवर मुलाला एक आठवडा मागे बसवा. त्या दादांना पेट्रोलचे पैसे द्या, नाही म्हणाले तरी द्या. मुलाच्या हातात वही द्या आणि रोज चार रकाने भरायला सांगा: किती किलोमीटर झाले, किती गायी झाल्या, किती पैसे रोख मिळाले, किती उधार राहिले. रविवारी रात्री ती वही घेऊन घरातल्या सगळ्यांनी, आईसकट, एकत्र बसा. आणि सोमवारी पहाटे पाचला फोन वाजल्यावर पोरगं आपणहून उठलं का, तेही त्याच पानावर लिहून ठेवा.